सोसलेली वर्षे आणि सुनावलेली शिक्षा



१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. आपल्या तान्ह्या मुलाला मारल्याचा गुन्हा तिच्यावर होता. वैधव्यात मूल झालं, ते जगापासून लपवणं भाग होतं, आणि लपवण्याचा शेवट असा झाला. अपिलात फाशीऐवजी जन्मठेप काळं पाणी आलं, पुढे तेही पाच वर्षांवर आलं. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहिलं गेलं आणि लिहिणाऱ्यांना चिंता पडली होती ती बायकांच्या ढासळत्या नीतीची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते वाचून राहवलं नाही. १८८२ साली पुण्यात छापलेलं 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्यांचं पुस्तक त्या संतापातून जन्माला आलं. त्या बाईच्या हातून मूल मेलं हे ताराबाईंनी नाकारलं नाही. तिला त्या टोकाला कोणी नेलं, आणि नेणाऱ्यांतला एकही जण आरोपीच्या पिंजऱ्यात का नाही, हे त्यांनी विचारलं.

आज मी बोलणार आहे ते याच प्रश्नाबद्दल, फक्त गुन्हा वेगळा आहे. वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई एके दिवशी नवऱ्याला ठार मारते. तिला शिक्षा किती व्हावी, आणि ती ठरवताना न्यायाधीशाने काय काय पाहावं? ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या स्वतः जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करत. आरोपीची बाजू मांडणं म्हणजे त्याच्या कृत्याची बाजू घेणं नव्हे, हे त्या हाताखालच्या वकिलांना बजावून सांगत. तेवढा भेद आपण सगळ्यांनी आजच्या पुरता मनात ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

या विषयावर जगभर ज्या खटल्याचं नाव घेतलं जातं तो आपल्याच देशातून परदेशी गेलेल्या एका स्त्रीचा आहे. किरणजीत अहलुवालिया. पंजाबातली पदवीधर मुलगी, १९७९ साली लग्न होऊन इंग्लंडला गेली. लग्नानंतर लवकरच मारहाण सुरू झाली आणि दहा वर्षं चालली. तिने दोनदा, १९८३ आणि १९८६ साली, कोर्टातून नवऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. मारहाण थांबली नाही. पदरात दोन मुलगे होते. घरच्यांचा सल्ला आपल्या ओळखीचाच होता: अब्रूचा प्रश्न आहे, सांभाळून घे.

एप्रिल १९८९ मध्ये नवरा घर सोडून काही दिवस निघून गेला तेव्हा तिने त्याला एक पत्र लिहिलं. ते पुढे अपील न्यायालयाच्या निकालपत्रात आलं आहे. तू परत आलास तर मी काय काय सोडेन याची त्यात यादी आहे. ब्लॅक कॉफी पिणार नाही. हिरवी मिरची खाणार नाही. दर आठवड्याला बाजारात जाणार नाही. शेजाऱ्यांकडे जाणार नाही. केस रंगवणार नाही. तुला आवडत नसेल तर हसणारसुद्धा नाही. कायद्याच्या पुस्तकांत मारहाणीची वर्णनं पुष्कळ सापडतात, पण एका माणसाने दुसऱ्या माणसाचं आयुष्य किती आखडून टाकलं याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरीकडे वाचलेला नाही. हसण्याची परवानगी मागणारी ही पस्तिशीच्या आतली, शिकलेली बाई होती.

८ मे १९८९ च्या संध्याकाळी नवऱ्याने पैसे मागितले, नाही दिले तर सकाळी मारीन म्हणाला, आणि तापलेल्या इस्त्रीने चेहरा भाजीन अशी धमकी दिली. मग तो झोपायला गेला. ती झोपू शकली नाही. पहाटे अडीचच्या सुमाराला ती उठली, काही दिवसांपूर्वी आणून ठेवलेलं पेट्रोल तिने बादलीत ओतलं, मेणबत्ती पेटवली, त्याच्या खोलीत गेली आणि आग लावली. सहा दिवसांनी तो मेला. हा मृत्यू भयंकर होता, आणि ते तसंच म्हटलं पाहिजे. जळून मरणाऱ्या माणसाच्या यातना त्याने आधी काय केलं होतं यावरून कमी होत नाहीत. माझं पुढचं सगळं बोलणं हे वाक्य मान्य करून आहे.

डिसेंबर १९८९ मध्ये लुईस इथल्या न्यायालयात तिच्यावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला. इंग्लंडच्या कायद्यात खुनाला जन्मठेप हीच एक शिक्षा, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. त्या खटल्यात ती स्वतः साक्षीला उभी राहिलीच नाही. दहा वर्षांची हकीकत तिच्या तोंडून ज्यूरीने ऐकली नाही.

'प्रक्षोभन' हा बचाव होता. प्रक्षोभन सिद्ध झालं तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीशाच्या हाती येतं. पण प्रक्षोभनाची व्याख्या १९४९ च्या डफी खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी घालून दिलेली: आत्मसंयम अचानक आणि तेवढ्यापुरता सुटला पाहिजे. ती व्याख्या ज्या खटल्यात झाली त्यातली आरोपीसुद्धा मार खाणारी बायकोच होती, आणि तिनेही नवरा अंथरुणात असताना वार केला होता. म्हणजे या प्रकारच्या बाईला बाहेर ठेवणारा नियम तिच्यासारखीलाच समोर उभी करून बनवला गेला, आणि चाळीस वर्षं तो तसाच वापरला गेला.

अचानक भडकणारा राग हा बहुधा ताकदवान माणसाचा राग असतो. ज्याचा हात समोरच्यापेक्षा जड आहे तो त्या क्षणी हात उचलू शकतो. जिला ठाऊक आहे की आत्ता उलटून बोललं तर हाड मोडेल, तिचा राग त्या क्षणी बाहेर येत नाही. तो झोपेपर्यंत थांबतो, दारू उतरेपर्यंत थांबतो, मुलं आत जाईपर्यंत थांबतो. कायदा त्या थांबण्याला 'थंड डोक्याने केलेलं कृत्य' म्हणतो. शिक्षेच्या बाबतीत बायकांवर सर्वांत मोठा अन्याय इथे होतो, असं माझं मत आहे. ती दुबळी होती म्हणून ती थांबली, आणि थांबली म्हणून ती जास्त दोषी ठरली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये सारा थॉर्नटन नावाच्या स्त्रीचं अपील फेटाळलं गेलं. तिनेही दारुड्या, मारकुट्या नवऱ्याला मारलं होतं. तिचं अपील फेटाळल्यानंतर दोनच दिवसांनी, १९९१ च्या जुलैअखेरीस, बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने दारुड्या बायकोला लाथांनी मारून टाकणाऱ्या एका नवऱ्याला दोन वर्षांची शिक्षा दिली आणि तीही स्थगित ठेवली. तो त्याच दिवशी घरी गेला. त्या बाईने संताचासुद्धा अंत पाहिला असता, अशा अर्थाचं न्यायाधीश बोलले. थॉर्नटनने हे ऐकून तुरुंगात उपोषण सुरू केलं. या दोन निकालांनी इंग्लंडमधलं जनमत जितकं हललं तितकं कुठल्याही अहवालाने हललं नसतं.

किरणजीतच्या बाजूने 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही लंडनमधल्या आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांची संघटना उभी राहिली. मोर्चे निघाले, नवे वकील आले, आणि जुलै १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तिची दोषसिद्धी रद्द करून पुन्हा खटला चालवायला सांगितलं. मुख्य न्यायमूर्ती टेलर यांनी एवढं कबूल केलं की प्रक्षोभन आणि कृत्य यांत वेळ गेला म्हणून बचाव आपोआप संपत नाही. पण 'अचानक' ही अट त्यांनी हलवली नाही. तिला दिलासा मिळाला तो दुसऱ्या मार्गाने. ती तीव्र नैराश्यात होती असा वैद्यकीय अहवाल पहिल्या खटल्याच्या वेळीच उपलब्ध होता आणि तो वापरलाच गेला नव्हता. सप्टेंबर १९९२ मध्ये मानसिक अवस्थेमुळे जबाबदारी उणावली, या आधारावर सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली आणि तीन वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. तेवढी तिने भोगलेलीच होती. ती त्या दिवशी सुटली.

ती सुटली याचा मला आनंद आहे, पण ज्या आधारावर सुटली तो मला पटत नाही. कायदा तिला म्हणाला, तू आजारी होतीस. ती आजारी असेलही. पण ज्या घरात दहा वर्षं मार पडतो आणि मनाई हुकूम कागदावर राहतो, तिथे राहणाऱ्या बाईचं भय हे आजाराचं लक्षण मानायचं, की परिस्थितीचं अचूक ज्ञान? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मारहाणीचं चक्र मांडलं: ताण साठतो, मार पडतो, मग माफी, रडणं, भेटवस्तू, आणि पुन्हा ताण. त्यातून 'बॅटर्ड वुमन सिंड्रोम' हे नाव आलं. 'मग ती घर सोडून का गेली नाही' या प्रश्नाला न्यायालयात पहिल्यांदा शास्त्रीय उत्तर मिळालं, हे वॉकर यांचं ऋण मोठं आहे. पण सिंड्रोम म्हटलं की बाई रुग्ण होते, आणि मग जी पुरेशी रुग्ण दिसत नाही, जी कामावर जाते, हिशेब ठेवते, साक्षीत ठामपणे बोलते, तिला त्याचा फायदा मिळत नाही.

याहून चांगला मार्ग कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दाखवला. विनिपेगच्या लाव्हाली नावाच्या तरुणीने जोडीदार खोलीबाहेर जात असताना त्याच्या डोक्यात मागून गोळी घातली होती. तू मला मार, नाहीतर मी तुला मारीन, असं तो तिला म्हणाला होता. ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुन्हा प्रस्थापित केला. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी तज्ज्ञाची साक्ष वापरली ती या कामासाठी की, मार खाणारीला पुढचा हल्ला कधी आणि किती जोराचा येणार हे बाहेरच्या माणसापेक्षा जास्त कळतं, हे ज्यूरीला समजावं. प्रत्यक्ष हल्ला सुरू होईपर्यंत थांबा असं तिला सांगणं म्हणजे हप्त्याहप्त्याने मरायला सांगणं आहे, हे त्यांनी एका अमेरिकी निकालाच्या आधारे लिहिलं.

इंग्लंडने २००९ च्या कायद्याने जुनं प्रक्षोभन रद्द केलं. २०१० पासून तिथे आत्मसंयम सुटणं अचानकच असलं पाहिजे ही अट नाही, गंभीर हिंसेच्या भयातून तो सुटला तरी चालतो, आणि जोडीदाराचा व्यभिचार एवढ्या एकाच कारणाची ढाल पुढे करता येत नाही. नवऱ्याला मारल्याबद्दल सॅली चॅलनला २०११ मध्ये जन्मठेप झाली; तिचं कृत्य नव्या तरतुदी लागू होण्याआधीचं असल्याने तिला जुनाच कायदा लागला. तिच्या नवऱ्याने तिच्या पैशांवर, मैत्रिणींवर, हालचालींवर अनेक दशकं ताबा ठेवला होता. असा ताबा ठेवणं हा इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने गुन्हा झाला, त्यानंतर तिच्या गोष्टीकडे नव्याने पाहिलं गेलं आणि २०१९ मध्ये ती सदोष मनुष्यवधावर, भोगलेल्या शिक्षेत, बाहेर आली.

आता आपल्याकडे येऊ.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० ला अपवाद होते, त्यांतला पहिला 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभना'चा. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, कलम १०१ झालं. अपवाद एक मात्र तसाच राहिला, 'आकस्मिक'सकट. दीडशे वर्षांनी सगळा कायदा उघडून पुन्हा लिहायला घेतला होता. त्या वेळी हे कलम न बदलणं ही मोठी चूक झाली असं मी इथे स्पष्ट म्हणते.

या अपवादाचा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध खटला मुंबईचा, कमांडर नानावटींचा. २७ एप्रिल १९५९. बायकोने परपुरुषाशी संबंध असल्याचं सांगितलं, त्यांनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि त्या पुरुषाला, प्रेम आहुजाला, त्याच्या घरी गाठून गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले, डोकं थंड व्हायला ते पुरेसे होते, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे आणि ते आपल्या विषयासाठी फार मोलाचं आहे: मृताच्या आधीच्या वर्तनातून आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, तीही विचारात घेता येते. हे वाक्य पुढे अनेक वर्षं फारसं कोणी उचललं नाही. नानावटींना मात्र १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. सगळी मुंबई त्यांच्या बाजूने होती. फसवल्या गेलेल्या नवऱ्याचं दुःख समाजाला लगेच समजलं होतं.

आपल्या कायद्यात शिक्षेचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण खुनाला शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मठेप. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी घ्यावी असं फौजदारी प्रक्रिया कायदा सांगतो. पण खुनाच्या प्रकरणात त्या सुनावणीत आरोपीने कितीही सांगितलं तरी न्यायाधीश जन्मठेपेच्या खाली येऊ शकत नाही. आणि अशा जन्मठेपेत सरकारने शिक्षा कमी करायची म्हटली तरी चौदा वर्षं आत काढावीच लागतात. त्या काळात मुलं मोठी होतात, बहुधा नवऱ्याच्याच घरी, आणि त्यांना आईची एकच गोष्ट सांगितली जाते. १९८३ मध्ये, यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या फाशीचं कलम ३०३ घटनाबाह्य ठरवलं. गुन्ह्याची परिस्थिती पाहण्याचा न्यायाधीशाचा अधिकारच काढून घेणारी शिक्षा न्याय्य असू शकत नाही, हे त्यामागचं तत्त्व. जन्मठेपेच्या बाबतीत तेच तत्त्व लावायला हवं असं मला वाटतं.

तोपर्यंत सगळा भार एकाच ठिकाणी येतो: गुन्हा खुनाचा की सदोष मनुष्यवधाचा. तो ठरवायला बाईचा इतिहास न्यायालयासमोर यावा लागतो, आणि तो येतच नाही. किंवा येतो तो उलट्या बाजूने. सरकार पक्ष सांगतो, नवरा दारू पिऊन मारत असे, त्याचा तिच्या मनात राग होता, म्हणून तिने त्याला संपवलं. इतिहास तोच, मार तोच, पण तो 'हेतू' म्हणून नोंदला जातो आणि दोष घट्ट करतो. बचावाचा वकील हेतू नाकारायला निघतो आणि त्याबरोबर मारहाणही नाकारून बसतो. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक पुरावा सांगून तिचं म्हणणं विचारतात. आधी हे दंड प्रक्रिया संहितेचं कलम ३१३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१ आहे. तिथे तिला बहुतेक वेळा दोन उत्तरं शिकवून आणलेलं असतं: खोटं आहे, माहीत नाही. निकालाआधी तिला बोलायची बहुधा तीच एक संधी असते. वकील अनेकदा विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेला, त्याची तिच्याशी भेट कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलीस शेजारी उभे. त्या व्हरांड्यात बाई आपल्या अंथरुणातली हकीकत कशी सांगणार?

पुरावा नसतो असं म्हणतात. पुरावा असतो, तो गोळा केला जात नाही. मार खाऊन बाई पोलीस ठाण्यात जाते, तेव्हा अदखलपात्र म्हणून एनसी नोंदवून तिला परत पाठवतात. त्या एनसीचा कागद असतो. सरकारी दवाखान्यात 'न्हाणीघरात पडले' म्हणून टाके घालून घेतलेले असतात, त्याचा केसपेपर असतो. गावात तंटामुक्ती समितीसमोर समेट झालेला असतो, त्यावर नवऱ्याचा अंगठा असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याने अहवाल केलेला असू शकतो. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि महापालिकेने 'दिलासा' केंद्र उभं केलं. अशा ठिकाणी बायकांनी सांगितलेलं लिहून ठेवलेलं असतं. हे कागद मिळवायला कोणी जात नाही, कारण तपास अधिकाऱ्याचं काम मुडद्यापासून मागे एक दिवस जातं. आणि जिने कुठेच काही सांगितलं नाही, तिचं काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. तक्रार न करणं हीच रीत असलेल्या देशात 'आधी तक्रार का केली नाही' हा प्रश्न तिच्याविरुद्ध वापरू नये.

खाजगी संरक्षणाचा हक्क आहे ना, असं कायद्याचे विद्यार्थी विचारतील. आहे. पण सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर तो हक्क नाही, असंही तोच कायदा म्हणतो. झोपलेल्या नवऱ्यापाशी उभी असलेली बाई पोलीस ठाण्यात जाऊ शकली असती, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. ज्या ठाण्याने तिला आधी दोनदा एनसी देऊन परत पाठवलं, तिथे जाण्याचा वेळ हा खरंच वेळ होता का, हे न्यायालयाने तपासायला हवं. वैवाहिक बलात्कार तर आपल्या कायद्यात अजून गुन्हाच नाही, तेव्हा त्या कारणाने तिने काय सोसलं हे सांगायला शब्दसुद्धा न्याय संहितेच्या कलमांत नाहीत.

अंधार सगळीकडे आहे असं नाही. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुयंबुक्कनी खटल्यात एक धाडसी पाऊल टाकलं. नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतलेली बाई. मुलं गेली, ती वाचली, आणि त्यांच्या खुनाची आरोपी झाली. अशी बातमी आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात कोणी वाचली नाही? न्यायालयाने दीर्घकाळ साचत गेलेलं प्रक्षोभन ही कल्पना मान्य केली आणि खुनाचा सदोष मनुष्यवध केला. २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने मंजू लाक्रा खटल्यात, ज्या लाकडाने नवरा मारत होता तेच हिसकावून त्याच्यावर घाव घालणाऱ्या स्त्रीची शिक्षा कमी करताना मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या मनःस्थितीचा विचार केला. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दौवाराम निर्मलकर खटल्यात सांगितलं की शेवटची ठिणगी आधीच्या सगळ्या त्रासासह पाहिली पाहिजे. तो खटला दारुड्या भावाला मारणाऱ्या भावाचा होता. दहा वर्षांहून जास्त भोगलेली शिक्षा पुरेशी मानून त्याला सोडलं. नानावटी निकालातलं ते विसरलेलं वाक्य इथे पुन्हा उजेडात आलं. हा निकाल छळ सोसणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, स्त्री असो वा पुरुष, आणि तसाच असावा.

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीर आहेत. पहिला, मेलेला माणूस आपली बाजू सांगू शकत नाही. खरं आहे, म्हणूनच नुसत्या आरोपीच्या सांगण्यावर काही देऊ नये. केसपेपर, शेजारी, माहेरची माणसं, मुलं, यांतून ते पडताळलं जावं. दुसरा, प्रियकराच्या मदतीने किंवा विम्यासाठी नवऱ्याला मारणाऱ्या बायकाही असतात, त्या हीच कहाणी सांगतील. सांगतील. न्यायालयं रोज खोट्या सबबी ओळखतात, हीही ओळखतील. खोट्या सबबीच्या भीतीने खरी ऐकायचीच नाही, हे दुसऱ्या कुठल्या बचावाच्या बाबतीत आपण करत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: यातून मारण्याचा परवाना मिळेल. मी निर्दोष सुटका मागत नाही. थेट हल्ला होत असताना तिने स्वतःला वाचवलं असेल तर तो हक्कच आहे. पण झोपेत मारलं असेल तर गुन्हा आहे, शिक्षाही हवी. प्रश्न चौदा वर्षं की चार, एवढाच आहे. मेलेल्याच्या आईला त्याने काही कमी न्याय मिळतो असं मला वाटत नाही. तिलाही बहुतेक वेळा माहीत असतं घरात काय चाललं होतं ते.

काय करता येईल? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये खुनाला आपल्यासारखीच सक्तीची जन्मठेप आहे. तिथे २०१० मध्ये गंभीर घरगुती छळात स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या हत्येसाठी वेगळा अपवाद लिहिला, त्यामुळे गुन्हा सदोष मनुष्यवधावर येतो. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये दुसरा रस्ता धरला: छळ गुन्ह्याला मोठ्या प्रमाणावर कारणीभूत होता असं दिसलं तर न्यायाधीश किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकतो, आणि आधीच तुरुंगात असलेल्यांनाही शिक्षेचा फेरविचार मागता येतो. मला आपल्यासाठी दोन्ही हवेत. अपवाद एकमध्ये साचत गेलेल्या प्रक्षोभनाला स्पष्ट जागा द्यावी, आणि जुन्या खटल्यांचा फेरविचार व्हावा. महाराष्ट्रात तर दुसऱ्या कामासाठी नवा कायदाही लागत नाही. शिक्षा कमी करण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद १६१ ने राज्यपालांना दिलेला आहे, आणि त्याला चौदा वर्षांची अट लागू नाही. नानावटींसाठी तो वापरला गेला. येरवड्यात, नागपुरात नवऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्या बायकांच्या फायली मागवून, छळाचा पुरावा तपासून, शिफारशी करणारी एक समिती शासनाने नेमावी, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करते.

समोर बरेच तरुण वकील आणि कायद्याचे विद्यार्थी बसले आहेत, शेवटचं त्यांना सांगते. संसद केव्हा हलेल ते आपल्या हाती नाही, सत्र न्यायालयातला पुढचा खटला आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव द्या. अशी केस आली तर पहिल्या तारखेच्या आधी तुरुंगात जाऊन तिला भेटा, सोबत स्त्री सहकारी न्या, आणि घाई न करता ऐका. दवाखान्यातून केसपेपर मागवा, ठाण्यातून एनसीच्या प्रती काढा, माहेरी जा. दौवाराम निर्मलकर निकाल छापून फायलीला लावा. आणि कलम ३५१ खाली न्यायाधीश तिला विचारतील तेव्हा 'खोटं आहे' एवढं पढवून तिला उभं करू नका; लेखी निवेदन देण्याची तरतूद त्याच कलमात आहे, तिच्या शब्दांत ते तयार करा आणि दाखल करा.